आत्याबाईंचा डांग्या खोकला

लग्नाच्या मांडवात फुकट घुसायचं असेल तर खांद्यावर फेट्याचं कापड टाकायचं आणि घाईत असल्यासारखं चालायचं. कोणी अडवत नाही. दारावरचा माणूस उलट विचारतो, "ताई, माझा फेटा राहिला की." मी जळगावात मेहरूणला राहते आणि लग्नांत फेटे बांधते. हा झाला धंदा. आमंत्रण नसलेल्या लग्नात शिरून वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी खाऊन येणं, हा छंद. मुलीकडच्यांना सांगायचं मी मुलाकडची, मुलाकडच्यांना सांगायचं मी मुलीकडची. दोन्हीकडचे वाढायला धावतात.

आईबापांनी माझं नाव सुलक्षणा ठेवलं. त्यांना तेव्हा कल्पना नव्हती. एका नवरदेवाच्या फेट्यात मी बॅटरीचा पोपट गुंडाळला होता. मंगलाष्टकं सुरू झाली की तो "मिठू मिठू" करायचा. भटजींना वाटलं फोटोग्राफर करतोय, फोटोग्राफरला वाटलं भटजी. असं सगळं छान चाललं होतं आणि या वर्षी मला खोकला लागला.

कुठून लागला तेही मला माहीत आहे. फेटा बांधताना समोरच्याचं तोंड आणि आपलं तोंड यात वीतभर अंतर असतं. एका डाळमिलवाल्याच्या घरचं लग्न, नवरीचा काका समोर बसलेला, आणि मी पहिला वेढा घेतल्यापासून तुरा काढेपर्यंत तो माझ्या तोंडावर खोकत होता. वर म्हणतो कसा, "ताई, घट्ट बांधा, खोकताना सुटतो."

मग आधी साधी सर्दी झाली. ती गेली आणि खोकला आला. साधा नाही, येईल तेव्हा असा यायचा की एकामागून एक, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. एका पंगतीत मी मुलाची मावशी म्हणून बसले होते आणि तिथेच उबळ आली. डोळे बाहेर, तोंड लाल, शेवटी हात धुवायच्या जागी जाऊन उलटी. पाठ चोळायला मुलाची खरी मावशी आली. तिने विचारलं, "तुम्ही कोणाकडच्या?" मला उत्तर द्यायला श्वासच नव्हता. माझ्या आयुष्यात मी पहिल्यांदा पकडले गेले.

त्याचंही काही नाही. पण दोन दिवसांवर धुळ्याला बारसं होतं. माझा धाकटा भाऊ भटू देवपूरला राहतो. त्याला आणि भूमिकाला किती वर्षांनी मूल झालं, किती दवाखाने, किती नवस, ते सगळं मी बघितलंय. मुलगी झाली. भटूची सख्खी बहीण मी एकटीच. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने, म्हणजे मीच. नाव मी ठरवलं होतं आणि कोणाला म्हणजे कोणालाच सांगितलं नव्हतं, आमच्या नवलरावांना, नवऱ्यालाही नाही. आणि मी नसले तर पाळण्याशी उभी राहायला आमची चुलत बहीण सोनल तयारच होती. तिने नवीन साडीसुद्धा घेतली होती.

म्हणून दवाखान्यात गेले. दवाखाना सबाचा. नूर महंमदभाईंकडून मी फेट्याचं कापड घेते, त्यांची ही पोरगी. लहानपणी मी तिला सांगितलं होतं की मेहरूण तलावात मगर आहे आणि ती फक्त गणितात नापास झालेली पोरं खाते. पोरगी शिकून डॉक्टर झाली. श्रेय कोणी देत नाही.

सबाने कापसाची लांब काडी माझ्या नाकात घातली.

"अगं, मेंदूला लागेल."

"लागण्यासारखं काही असेल तर लागेल, अक्का."

दुसऱ्या दिवशी तपासणीचा निकाल आला आणि तिने मला बोलावून घेतलं. तोंडाला मास्क लावायला सांगितला आणि म्हणाली, "डांग्या खोकला आहे."

"हट. तो पोरांना होतो. मला लहानपणी होऊन गेलाय. आईने गाढविणीचं दूध पाजलं होतं. एकदा झाला की परत होत नाही."

"कोण म्हणालं?"

"गाढविणीचा मालक."

ती हसली नाही. "होतो परत. लस घेतलेल्यालाही काही वर्षांनी होऊ शकतो. आपल्या शरीरातले पहारेकरी चोराचा चेहरा हळूहळू विसरतात. आणि हा चोर तर असा आहे की विचारू नका."

"मला विचारू दे ना. मला समजेल असं सांग."

सबाने टेबलावरचा पेन बाजूला ठेवला. "लग्नाच्या भाषेत सांगते. तुमची श्वासनळी म्हणजे मंगल कार्यालय. आत यायच्या वाटेवर बारीक केसांसारखे झाडू असतात. ते सारखे वरच्या बाजूला झाडत असतात. धूळ, जंतू, सगळं घशाकडे ढकलतात. बाकीचे जंतू झाडू चुकवायला बघतात. हा झाडूलाच जाऊन चिकटतो."

"झाडूवरच बसतो?"

"बसतो आणि झाडणारीलाच विष घालतो. झाडू बंद. मग कचरा बाहेर काढायला काय उरलं? खोकला. तुम्ही खोकता ते त्यासाठी."

"आणि पहारेकरी? ते काय पानं खातात?"

"ते येतात ना. पण जवळ आले की हा त्यांच्या पोटात दुसरं विष सोडतो. पेशीच्या आत निरोपाची घंटी असते बघा, गरजेपुरती वाजणारी. ती हा वाजवतच ठेवतो. त्या गोंगाटात पहारेकऱ्याला आपण कशाला आलोय तेच सुचत नाही. चोर समोर, आणि याचा हात उचलत नाही."

"वा," मी म्हणाले.

"वा काय?"

"अगं, मी एका पंगतीत हेच केलं होतं. चार कोपऱ्यांतून एकदम 'वाढपी, वाढपी' म्हणून हाका मारायला लावल्या. पोरगा परात घेऊन मधे उभा. कुठे जावं त्याला कळेना. आम्ही परातच रिकामी केली."

"मग तुम्हाला पुढचं आवडेल. याचं आणखी एक विष आहे. त्याने रक्तात पांढऱ्या पेशींची नुसती गर्दी होते. पण रक्तातून उतरून जिथे चोर आहे तिथे जायचं त्यांना जमत नाही. रस्त्यावरच फिरत राहतात."

"म्हणजे हायवेला पोलीसच पोलीस आणि मांडवात एक नाही."

"तसंच. रक्तात आणखी एक फौज असते. परक्या जंतूला भोकं पाडणारी. ती चुकून घरच्यांवर उलटू नये म्हणून तिला आवरणारेही असतात. 'याला सोड, हा आपला' असं म्हणणारे. हा त्या आवरणाऱ्यांनाच धरून अंगाला चिकटवतो आणि फिरतो."

"खांद्यावर फेटा टाकतो," मी म्हणाले.

खरं सांगते, मला त्या जंतूचं कौतुक वाटलं. इतक्या वर्षांत कोणी बरोबरीचं भेटलंच नव्हतं. आणि भेटलं ते माझ्याच घशात.

सबा थोडी पुढे झुकली. "अक्का, मोठ्या माणसाला याचा त्रास होतो, बरगड्या दुखतात, झोप जाते, पण बहुतेक जण निभावतात. तान्ह्या बाळाचं तसं नाही. दीड महिन्याची होईपर्यंत त्यांना लसही नसते. आणि इतकी लहान बाळं कधीकधी खोकतसुद्धा नाहीत. तेवढी ताकदच नसते. नुसता श्वास घ्यायचा थांबतो. घरात कोणी लहान बाळ आहे?"

"घरात नाही."

हे खरं होतं. घर माझं जळगावात.

"भटूमामांच्या बाळाचं बारसं कधी आहे?"

"ते पुढच्या महिन्यात."

हे खरं नव्हतं.

"मग ठीक. आजपासून पाच दिवस गोळ्या घ्या, नवलकाकांनाही देते. पाच दिवस पुरे झाले की तुमच्यापासून कोणाला लागणार नाही. तोपर्यंत बाळाजवळ, गरोदर बाईजवळ जायचं नाही. फेटेही बांधायचे नाहीत. खोकला मात्र राहील, दोन-तीन महिनेसुद्धा. जंतू मेला तरी मोडलेले झाडू परत उगवायला वेळ लागतो."

घरी आल्यावर नवलराव म्हणाले, "भटूला फोन कर आणि सांगून टाक."

"सांगितलं की सोनल पाळण्याशी."

"मग असू दे सोनल."

"आणि नाव? तिला नाव काय माहीत?"

"तू सांग तिला."

या माणसाला कधी काही कळलंच नाही.

माझा हिशोब सोपा होता. गोळ्या सुरू झाल्यात. मास्क लावायचा. खोकला दाबायचं औषध घ्यायचं. तीन अक्षरं कानात सांगायची आणि बाहेर. तेवढ्यात काय होतंय. माणूस एकदा कुठेही घुसायला शिकला ना, की प्रत्येक दार त्याला आपल्यासाठीच उघडं वाटतं.

रविवारी सकाळी धुळ्याची एसटी धरली. खिडकीशी बसले, काच उघडी, तोंडाला मास्क. एरंडोलच्या अलीकडे एक उबळ आली. शेजारची बाई उठून मागे गेली. पारोळ्यापर्यंत माझी पुढची, मागची आणि बाजूची सीट रिकामी झाली. एवढी ऐसपैस मी एसटीत कधीच बसले नव्हते. कंडक्टर लांबूनच म्हणाला, "ताई, दवाखान्यात निघालात का?"

"बारशाला," मी म्हणाले. त्याने कपाळाला हात लावला.

भटूच्या दारात खुर्ची टाकून कस्तुरामावशी बसल्या होत्या. भूमिकाची आई. शिरपूरच्या वरच्या अंगाला अनेर नदीच्या काठी त्यांचं गाव. बाळंतपणासाठी आल्या होत्या आणि घराचा ताबा घेतला होता. पायाशी पाण्याची बादली, साबण, आणि येईल त्याची झडती, तीही अहिराणीत.

"बठ्ठा जण हात धवा. सर्दीवाला भाहेर बसा." एका पाहुण्याला त्यांनी नुसतं नाक ओढलं म्हणून रस्त्यापलीकडे बसवलं होतं. तो तिथून पाळण्याला नमस्कार करत होता.

मला बघून म्हणाल्या, "या ताई. मास्क काब्र लायेल शे?"

"एसटीतली धूळ, मावशी. आपल्याबरोबर बाळापर्यंत कशाला न्यायची."

"शहाणी शे." मग डोळे बारीक केले. "आवाज बसेल शे तुमना."

"रात्रभर नाव पाठ करत होते."

"खोकी दखाडा."

आता आली का पंचाईत. सगळ्या पाहुण्यांना ती बाई खोकून दाखवायला लावत होती. साधा माणूस 'खुक' करतो आणि आत जातो. मी एकदा 'खुक' केलं असतं तर अर्धा तास थांबले नसते. औषधाने घसा कसाबसा गप्प बसला होता, त्याला छेडायचं नव्हतं.

मी पिशवीत हात घातला आणि फेट्याचं कापड काढलं. भगवं, जरीकाठाचं.

"मावशी, नातीच्या बारशाला आजी अशी बोडकी बसते का?"

"फेटा? माले?" त्यांचा हात आपोआप डोक्याकडे गेला. "बायामाणूस फेटा बांधस का कोठे?"

"जळगावात नवऱ्या बांधतात. तुम्ही तर बाळाची आजी. बसा सरळ."

बसल्या. हनुवटी वर केली. मी बाजूला तोंड करून वेढे घेतले, तुरा ताठ काढला, मागे शेमला कमरेपर्यंत सोडला. बाई मुळात उंच, नाकीडोळी रेखीव, सत्तरीकडे झुकलेली पण पाठ ताठ. फेट्यात अशी दिसायला लागली की गल्लीतली माणसं थांबली. पाहुणे आतून बाहेर आले. फोन निघाले. "आजी, इकडे बघा." "आजी, हात कमरेवर ठेवा." रस्त्यापलीकडचा सर्दीवालाही उठून फोटो काढायला आला. बादली कोणाच्या तरी पायाने कलंडली. मावशी हसत होत्या, आणि मी त्यांच्या खुर्चीमागून आत.

आत दोनचार बायाच उरल्या होत्या. भूमिका कॉटवर बसली होती, चेहरा उतरलेला पण खूश. भटू सदरा घालून उगाच इकडून तिकडे करत होता. पाळण्याला गुलाबी-पांढरे फुगे बांधले होते. सोनल पाळण्याची दोरी धरून उभी. मला बघून तिने दोरी सोडली, पण सावकाश.

"आली माझी अक्का," भटू म्हणाला. "मला वाटलं उशीर करते की काय. चल, सांग बाई नाव. मी रात्रभर झोपलो नाही."

"मास्क काढा अक्का," सोनल फोन समोर धरून म्हणाली. "फोटोत तोंड तर दिसू द्या."

मी पाळण्यावर वाकले. कानामागच्या मास्कच्या दोरीला हात लावला.

केवढीशी ती. मूठ गालाशी, ओठांवर दुधाचा ठिपका. छाती भराभर वरखाली होत होती, चिमणीच्या पिल्लासारखी. आणि मधेच थांबली. वरखाली काहीच नाही. तान्ही बाळं अशी मधे थांबतात, घाबरायचं नसतं, हे मला नंतर सबाने सांगितलं. तेव्हा मला फक्त तिचं एवढंच वाक्य ऐकू येत होतं, की बाळ खोकत नाही, नुसता श्वास थांबतो.

दारातला पहारा मी गुंगवला होता. सगळी गर्दी रस्त्यावर होती आणि आत कोणी नव्हतं. घरचीच म्हणून मला कोणी हटकलं नव्हतं. सबाने जे जे सांगितलं होतं ते मी सकाळपासून एकेक करत पाळण्यापर्यंत आले होते. आता फक्त मास्क काढून वाकायचं राहिलं होतं.

बाळाने हुंदका दिल्यासारखा श्वास घेतला आणि छाती परत भराभर हलायला लागली.

मी मागे सरकले. दोरीवरचा हात मास्कवर दाबला. त्याच क्षणी घशात खाज उठली. औषधाची मुदत संपली होती. मी स्वयंपाकघरातून मागच्या अंगणात पळाले आणि भिंत धरून उभी राहिले.

मग जे सुरू झालं ते सांगण्यासारखं नाही. खोकला, खोकला, खोकला, आणि शेवटी हवा आत ओढताना घशातून एक लांब शिट्टी निघाली. ऐकून कुत्रं भुंकायला लागलं.

मागे सगळे जमले होते आणि हसत होते.

"अक्का, आज तरी नको ना सोंग," भटू म्हणाला.

"डांग्या आहे," मी म्हणाले. "मला डांग्या झालाय. बाळाला माझ्याजवळ आणू नका."

बाया आणखी हसल्या. सोनल म्हणाली, "मागच्या दिवाळीला साप चावला होता. माझ्या नवऱ्याने गाडी काढली, हॉस्पिटलपर्यंत गेलो, आणि उतरून म्हणते कशी, इथली भेळ चांगली मिळते."

सांगू नये, पण त्या दिवशीची भेळ खरंच चांगली होती. मी परत सांगायला गेले आणि परत उबळ आली. शिट्टी वाजली. हसणाऱ्यांत एक जण टाळी देत होता. मी वैतागून रडकुंडीला आले आणि त्याला वाटलं काय झकास करतेय.

"हाई सोंग नही."

कस्तुरामावशी दारात उभ्या होत्या. डोक्यावर फेटा, तुरा तसाच ताठ. कोणी हसायचं थांबलं नव्हतं, पण त्यांचा चेहरा बघून थांबले.

"हाऊ आवाज मी ऐकेल शे," त्या म्हणाल्या. "मना धाकला भाऊ याच खोकलामा गया. पाळणामा व्हता." मग माझ्याकडे वळल्या. मघाचं 'तुम्ही' गेलं होतं. "तू पोरना जवळ गयी व्हती?"

"गेले होते. मास्क काढला नाही. आत खोकले नाही."

"तुले माहीत व्हतं?"

मी मान हलवली. त्यांनी सगळ्यांना आत घेतलं आणि मागच्या दाराला आतून कडी लावली. मी अंगणात एकटी. आयुष्यात इतक्या दारांतून फुकट आत गेले, पण तोंडावर दार बंद झालं ते तेवढंच. आणि मला त्या बाईचा राग आला नाही. बरं वाटलं. पहारेकरीण जागी झाली एकदाची, असं वाटलं.

खिडकीच्या गजांतून मी भटूला सबाचा नंबर सांगितला. त्याने फोन स्पीकरवर ठेवला. सबाने आधी बाळाचं विचारलं. दूध पिते का, रंग कसा आहे, श्वास कसा आहे. मग माझ्या मास्कचं विचारलं, किती वेळ जवळ होते ते विचारलं. म्हणाली, "धोका कमी आहे, पण थांबू नका. आत्ताच बालरोगतज्ज्ञांकडे न्या. ते वजन बघून बाळाला औषध सुरू करतील. भूमिकाताईंनाही देतील. आणि तीन आठवडे नीट लक्ष ठेवा." मग विचारलं, "अक्का ऐकताहेत का?"

"ऐकतेय," मी खिडकीतून म्हणाले.

"बारसं पुढच्या महिन्यात होतं ना?"

मला उत्तर सुचलं नाही. हे माझं मलाच नवीन होतं. नवलराव असते तर त्यांनी पेढे वाटले असते.

भटू आणि भूमिका बाळाला घेऊन डॉक्टरकडे गेले. मी अंगणातल्या धुण्याच्या दगडावर बसून राहिले. आतून कोणी चहा दिला नाही. खिडकीतून मावशी मधूनमधून बघत होत्या, मी जागेवर आहे ना म्हणून. परत आले तेव्हा भटूच्या हातात औषधाची बाटली होती. बाळ ठीक होतं. औषधाचा पहिला थेंब जिभेवर पडल्यावर तिने डॉक्टरांच्या शर्टावर शू केली होती. मला तेव्हाच कळलं, ही माझी भाची.

"आता नाव सांग," भटू खिडकीशी येऊन म्हणाला. आवाजात राग होता, पण दमलेला. "सोनल सांगेल कानात."

मी तोंड उघडलं. सांगणारच होते. पण आतून मावशींचा आवाज आला, "नाव आत्याच सांगी. तिना हक शे. पण भाहेरतून."

"बाहेरून कसं?" सोनल म्हणाली. "ओरडून? सगळ्या देवपूरला आधी कळेल, बाळाला नंतर."

मी अंगणात नजर फिरवली. कोपऱ्यात ठिबकच्या काळ्या नळीचं वेटोळं पडलं होतं. खान्देशात कोणाच्या परसात नसतं ते? त्यातला भोक न पाडलेला कोरा तुकडा मी ओढून काढला, झटकला, नळाखाली धुतला आणि एक टोक खिडकीच्या गजांतून आत सरकवलं.

"हे पाळण्यापर्यंत न्या."

भूमिका इतका वेळ माझ्याशी एक शब्दही बोलली नव्हती. ती उठली, नळीचं टोक हातात घेतलं आणि बघत राहिली. "म्हणजे तुमचं फुंकलेलं सगळं पाळण्यात."

ती बरोबर बोलत होती. नळीतून नुसता आवाज जात नाही. तिने पाळण्याचा एक पांढरा फुगा सोडवला, टाचणी लावून फोडला, रबर ताणून नळीच्या तोंडावर बसवलं आणि वर दोऱ्याने करकचून बांधलं. दुसऱ्या फुग्याचं रबर खिडकीतून माझ्याकडे टाकलं.

"तुमच्या टोकालाही बांधा. आवाज येऊ दे, वारा नको. आणि मास्क काढायचा नाही."

"बरं."

"आणि मी अजून रागावलेली आहे."

"राहा ना. तुझा हक्क आहे."

सबाला परत फोन लावला. ती म्हणाली, "असलं आमच्या पुस्तकात नाही. पण दोन्ही टोकं बंद असतील तर चालेल. जोरात बोलावं लागेल."

मावशींनी नळीचं टोक स्वतः धरलं, बाळाच्या कानापासून हातभर लांब. फेटा अजून डोक्यावर होता. मी खिडकीखाली उकिडवी बसले, मास्कसकट तोंड रबराला टेकवलं. रबर गालाशी थरथरत होतं. घशात परत खाज यायला लागली होती, म्हणून घाई केली.

"अनेर," मी म्हणाले. "अनेर. अनेर."

मला वाटलं पोचलंच नाही.

मग बायांनी "कुर्रर्र" केलं आणि आत्या बाहेर म्हणून कोणीतरी आईच्याच पाठीत धपाटे घालायला लागलं. भटू विचारत होता, "अनेर म्हणजे आपली नदी?" आणि सोनल म्हणत होती की तिच्या मनात वेगळंच होतं, पण हेही वाईट नाही. मी उठून गजांतून बघितलं. कस्तुरामावशी पाळण्याशी खाली बसल्या होत्या. नळी मांडीवर, पदर डोळ्यांना.

"मनी नदीनं नाव," त्या बाळाला सांगत होत्या. "आत्या वाईट शे, पण नाव बेस ठेवं."

संध्याकाळच्या एसटीने मी जळगावला परतले. पारोळ्यापर्यंत परत ऐसपैस.

त्यानंतरचे आठवडे मी कोणाचीच गंमत केली नाही. नवलराव घाबरले. त्यांना वाटलं हा डांग्याचाच परिणाम. रोज सकाळी भटू फोन करायचा आणि काही न बोलता फोन बाळाच्या छातीजवळ धरायचा. मी कान लावून ऐकायचे. भराभर चाललेला तो श्वास. मधे थांबला की माझाही थांबायचा. परत सुरू झाला की भटू म्हणायचा, "झालं समाधान? ठेवतो." रागावलेलाच होता, पण एकही दिवस चुकला नाही. सबाने सांगितलेले तीन आठवडे गेले. अनेरला काही झालं नाही.

दीड महिन्याची झाली तेव्हा लसीच्या दिवशी मी धुळ्याला गेले. माझा खोकला अजून होताच, मोडक्या झाडूंचा. कस्तुरामावशींनी मला दारात उभं करून सबाला स्वतः फोन लावला, तिच्याकडून दोनदा खात्री करून घेतली, आणि मगच बाजूला झाल्या. तरी मास्क लावायला लावलाच.

दवाखान्यात रांग होती. भूमिका म्हणाली, "अक्का, तुम्ही काहीतरी करून पुढे नाही का लावणार नंबर?" मी म्हणाले, नको, उभ्या राहू. भूमिकाने माझ्याकडे वळून बघितलं आणि अनेरला माझ्या हातात दिलं. पहिल्यांदा.

नर्सबाईंनी मांडी पुसली, सुई टोचली. अनेरने आधी डोळे मोठे केले. तोंड उघडलं. आवाज नाही. एक क्षण, दोन क्षण, चेहरा लाल. मी तिच्या छातीकडे बघितलं. आणि मग तिने असा काही टाहो फोडला की बाहेरच्या रांगेतली पोरंही रडायला लागली. संपला असं वाटलं की परत छाती भरून हवा ओढायची आणि परत सुरू.

"अगं बाई, गप कर तिला," नर्सबाई म्हणाल्या.

"रडू द्या," मी म्हणाले. "चांगलं रडतेय."